दुभाष्या

फाइल समोर दिसत होती. फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड मारली की नाव यायचं, साइज यायचा, तारीख २००९ ची, चालवायची परवानगीही लागलेली, आणि तरी ती चालवली की टर्मिनल एकच ओळ परत परत दाखवत होतं, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. अशी फाइलच नाही म्हणे. मी नाव परत टाइप केलं, टॅब दाबून पुरं करून घेतलं, सगळा पाथ दिला, परवानग्या नव्याने दिल्या, दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून बघितली, उत्तर तेच. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते, सकाळी काम होतं, शेवटी लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी आडवी झाले, पण झोप काही लागेना. दिसतेय की डोळ्यांना, मग हा नाही कसं म्हणतोय.

ती फाइल म्हणजे ऑप्टिमफ्रॉग नावाचा प्रोग्रॅम. आवाजाच्या फाइली एक बिटही न गमावता जितक्या आवळता येतील तितक्या आवळणारा. २००९ साली मी एका छोट्या रेकॉर्डरवर आवाज गोळा करायचे. गाणी वगैरे नाही, नुसते आवाज, पंख्याचा, जिन्यातल्या पावलांचा, भिंतीवरच्या घड्याळाचा, बंद न होणाऱ्या नळाचा आणि सगळ्यात जास्त पावसाचा. रेकॉर्डर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, त्याच्या माइकवर स्पंजचं टोपडं चढवायचं, लाल दिवा लागला की श्वाससुद्धा जपून घेत शेजारी बसून राहायचं. अशा फाइली वेव्हमध्ये, म्हणजे न आवळलेल्या फॉरमॅटमध्ये यायच्या आणि वेव्ह मिनिटाला दहा एमबी खाते, कारण सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि तेही दोन्ही कानांसाठी वेगळे, म्हणजे चाळीस मिनिटांच्या पावसाला चारशे एमबीच्या वर जागा. डिस्क बघता बघता भरत आली आणि मग आवळायची साधनं शोधायचा वेगळाच नाद लागला.

तो नाद आठवला की अजून बोटांना काहीतरी होतं. मी एक वही केली होती, तिच्यात तीन रकाने, साधन, साइज, लागलेला वेळ. एकच फाइल घ्यायची आणि सगळ्यांना एकेक करून द्यायची. फ्लॅक तेव्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता, जॉश कोलसनने २००१ मध्ये त्याचं पहिलं पक्कं व्हर्जन काढलेलं, उघडा, फुकट आणि भराभर काम करणारा. मंकीज ऑडिओ त्याहून जरा घट्ट आवळायचा. वेवपॅक होता, टॅक होता आणि सगळ्यांच्या पुढे ऑप्टिमफ्रॉग, जो वरच्या लेव्हलला टाकला की लॅपटॉपचा पंखा भणभणायला लागायचा आणि एका फाइलीला चहा, आंघोळ, परत चहा इतका वेळ घ्यायचा. आणि उलगडायलाही जवळपास तितकाच वेळ, तिथे सुटका नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी वहीत मधल्या रकान्याकडे बघायचे, सगळ्यात छोटा आकडा कोणाचा, त्याच्याभोवती गोल करायचे, झालं.

उघडायला पुढे काय लागेल, असा रकाना त्या वहीत नव्हता.

पाऊस आवळला जात नाही, हे मला त्या वहीनेच शिकवलं. फ्लॅक काय किंवा बाकीचे काय, आतून सगळे एकाच विचाराने चालतात, मागचे नमुने बघून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि फाइलीत फक्त अंदाज कितीने चुकला तेवढंच लिहायचं. अंदाज बरोबर येत गेला की लिहायला उरतं थोडं, फाइल लहान होते. म्हणून पंख्याचं रेकॉर्डिंग बऱ्यापैकी आकसायचं, पंखा एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगत असतो. रात्रीच्या रिकाम्या खोलीचं तर इतकं छोटं व्हायचं की मला धास्ती वाटायची, काहीतरी गेलं वाटतं, आणि मी ते परत उलगडून मूळ फाइलीशी बिटाला बिट जुळवून बघायचे. पाऊस आला की सगळ्यांची गाडी तिथेच रुतायची. प्रत्येक थेंब आपल्या मर्जीने पडतो, आधीच्या थेंबांवरून पुढच्याचा सुगावा लागत नाही, मग अंदाज चुकतच राहतो आणि चुका लिहिता लिहिता जवळजवळ अख्खा पाऊसच लिहून काढावा लागतो. ऑप्टिमफ्रॉगने रात्रभर घासून फ्लॅकपेक्षा जेमतेम दोन-तीन टक्के जास्त वाचवले होते. तेवढ्यासाठी मी माझा सगळा पाऊस त्याच्या हवाली केला. आणि एक कळत होतं तेव्हाही, नीट शब्दांत नाही पण कळत होतं, की ज्या आवाजाला लहान करता येत नाही त्याच्यात काहीतरी आहे. खिडकीशी बसून तो ऐकताना कंटाळा कधी आला नाही, तो का, ते वहीतल्या आकड्यांत दिसत होतं.

मग २०११ मध्ये लॅपटॉप बदलायची वेळ आली तेव्हा मी सगळ्या फाइलींचा एक टार बांधला, म्हणजे सगळ्या जोडून एकच फाइल, तो एक्सझेड या साधनाने आवळला, सगळ्यात वरची लेव्हल -९ देऊन, आणि एका बाहेरच्या डिस्कवर ठेवला. शेजारी जुन्या मेलची एक लांबलचक फाइल, ती बीझिप२ या आणखी एका साधनाने आवळलेली. एवढं मात्र शहाणपण सुचलं होतं की ऑप्टिमफ्रॉगचा प्रोग्रॅमही त्याच फोल्डरमध्ये टाकला, आणि फाइलींची एक साधी यादी. त्या यादीतली एक ओळ आता माझ्या डोक्यात बसली होती. पाऊस, रात्र, खिडकी, आई. बाकी पावसांना तारखा होत्या, जागा होत्या, हिच्यापुढे आई का लिहिलंय ते काही केल्या आठवेना.

ती डिस्क गेल्या महिन्यात काढली आणि लावल्याबरोबर तिने तो आवाज केला. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. टिक, थोडं थांबून परत टिक, मग फिरण्याचा वेग बदलल्यासारखी एक घरघर. अशा वेळी डिस्कवरून फाइली ओढायला जाऊ नये, आधी सगळ्या डिस्कची प्रत काढावी, म्हणून जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं. हे फार समंजस साधन आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या जागी हट्ट धरत नाही, नकाशाच्या फाइलीत नोंद करतं आणि पुढे जातं, मग शेवटी परत येऊन त्या दुखऱ्या जागांशी हळूहळू झटतं. मधेच वीज गेली तरी नकाशावरून परत तिथूनच सुरू. मी ते आकडे बघत बसले होते, वाचलेलं इतकं, उरलेलं इतकं, आणि सगळ्यात शेवटी जे वाचताच आलं नाही ते. ४,०९६ बाइटचे दोन सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे दोन छोटे तुकडे. दोनच. एक पडला होता आवाजांच्या टारमध्ये आणि दुसरा मेलच्या फाइलीत. प्रतीमध्ये तेवढ्या जागी नुसती शून्यं.

आता इथे माझ्या पोटात खड्डा पडला. एक्सझेडबद्दल नंतरच्या वर्षांत बरंच वाचलं होतं, डीडीरेस्क्यू ज्याने लिहिलं त्याच अँतोनियो दियास दियासने एक सविस्तर लेखच लिहिलाय की वर्षानुवर्षं जपायच्या गोष्टींसाठी हा फॉरमॅट का पुरेसा नाही, आणि जपणुकीसाठी त्याचं स्वतःचं एलझिप आहे. माझ्या २०११ च्या फाइलीत सगळा टार हा एकच मोठा ब्लॉक होता. आवळलेल्या फाइलीत पुढचं प्रत्येक पान मागच्या पानांच्या भरवशावर लिहिलेलं असतं, अमुक मागे जाऊन तिथलं इतकं इथे परत लिही, अशी. मधलं पान फाटलं की पुढचं सगळं वाचायला आधारच राहत नाही. सेक्टर गेला होता तो साधारण एक तृतीयांशावर. म्हणजे दोन तृतीयांश गेलं, असं धरूनच मी एक्सझेडचं उलगडलेलं थेट टारला जोडलं आणि एंटर दाबलं.

एकेक नाव सरकायला लागलं. पंखा. जिना. घड्याळ. पाऊस. पाऊस. एक तृतीयांश गेला, नावं येतच होती. अर्ध्याच्या पुढे गेलं. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. सगळी नावं आली, शेवटचं नाव आलं, आणि त्यानंतर एक्सझेडने सांगितलं, कॉम्प्रेस्ड डेटा इज करप्ट.

हे कसं झालं ते समजायला मला दुसरा दिवस लागला आणि समजल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते. माझ्या फाइली आधीच आवळलेल्या. त्यांना परत एक्सझेडने आवळून हाती काहीच लागणार नव्हतं, पिळून सुकवलेला कपडा परत पिळावा तसं. आणि एक्सझेडच्या आत आवळायची जी एलझेडएमए२ पद्धत आहे तिच्याकडे यासाठी एक साधी सोय असते, एखादा तुकडा आवळून लहान होत नसेल तर तो तसाच, जसाच्या तसा लिहून टाकायचा, पुढे तीन बाइटची एक चिठ्ठी लावून. माझा पाऊस त्याला आवळता आला नाही म्हणून त्याने तो तसाच ठेवला होता. पानं एकमेकांच्या भरवशावर नव्हतीच. सेक्टर गेला तो अशाच एका न आवळलेल्या तुकड्याच्या पोटात, चिठ्ठीला धक्का लागला नाही, आणि शेवटी बेरीज जुळवताना एक्सझेडला कळलं की काहीतरी चुकलंय. थोडा इकडे तिकडे, नेमका चिठ्ठीवर सेक्टर गेला असता तर गोष्ट वेगळी होती. मला यात माझी हुशारी कुठेच दिसत नाही, -९ तर मी उगाच दिला होता. पण ज्या आवाजाने मला त्या वर्षी इतकं अडवलं, आवळून घेतलं नाही, तोच त्यामुळे वाचला, हे खरं आहे आणि ते मला अजून पुरतं पचलेलं नाही.

शून्यं गेली होती ती एका फ्लॅकच्या फाइलीत, घड्याळाच्या. फ्लॅक आवाज छोट्या छोट्या फ्रेममध्ये बांधतो, नेहमीच्या सेटिंगला ४,०९६ नमुन्यांची एक, आणि प्रत्येक फ्रेम आपल्या पायावर उभी असते, स्वतःची खूण, स्वतःची पडताळणी. चुका झाल्या तरी पुढे जा असं त्याला सांगता येतं. सांगितलं. घड्याळ टिकटिकलं, एका जागी सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं काहीच नव्हतं, परत टिकटिकलं. आठ मिनिटांत तेवढंच. मी ती फाइल तशीच ठेवली आहे, ती जागा जोडून घ्यायचा मोह झाला होता पण नाही जोडली.

मेलची फाइल निराळ्या तऱ्हेने वाचली. बीझिप२ जुलियन सीवर्डने १९९६ मध्ये आणला, आता त्याला हळू म्हणून कोणी फारसं विचारत नाही, पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. तो मजकूर जास्तीत जास्त ९०० केबीच्या ब्लॉकमध्ये तोडतो, प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र आणि प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला खूण म्हणून आकडे लिहितो ३१४१५९२६५३५९. पाय. वर्तुळाचा पाय, शाळेतला. सोबत एक बीझिप२-रिकव्हर येतो, तो तुटक्या फाइलीत सगळीकडे हे पायचे आकडे हुडकत जातो, सापडले की तिथून एक ब्लॉक वेगळा काढतो. मी हेक्समध्ये बघायला गेले तर पहिला पाय लगेच दिसला, पुढचे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत कारण ब्लॉक बाइटच्या सीमेवर सुरू होतीलच असं नसतं, बिट सरकलेले असतात, यंत्रालाच ते सापडतात. एक सोडून सगळे ब्लॉक निघाले. गेलेल्या ब्लॉकमध्ये एका उन्हाळ्यातले काही आठवडे होते. आधीचं मेल एका मैत्रिणीच्या रागावलेल्या पत्रापाशी तुटतं आणि पुढचं सुरू होतं ते तिच्याच हसण्याने. मधे आमचं काय बोलणं झालं, कोणी आधी माघार घेतली, ते गेलं. ती मैत्रीण अजून आहे. तिला विचारायचं का, हे ठरवता आलेलं नाही.

तर पावसाच्या फाइली हातात होत्या, ऑप्टिमफ्रॉगच्या, धडधाकट, आणि उघडणारा प्रोग्रॅम म्हणत होता मी नाहीच. मी आधी रोजचे सगळे दरवाजे ठोठावून बघितले. एमपीव्ही प्लेअरला दिली, व्हीएलसी प्लेअरला दिली. दोघंही एफएफएमपेग या फॉरमॅट उलगडणाऱ्या प्रकल्पाच्या जिवावर इतकं काही वाजवतात की आपल्याला वाटायला लागतं जगातला सगळा आवाज यांना येतो. फाब्रिस बेलारने २००० मध्ये सुरू केलेल्या त्या प्रकल्पात कुठल्या कुठल्या विसरलेल्या फॉरमॅटचे डीकोडर माणसांनी बसून, बाइट न्याहाळून लिहिलेत. टॅक तर त्याच्या कर्त्याने फक्त विंडोजसाठी, सोर्स कोड न देता काढलेला, तोही एफएफएमपेग वाजवतो. ऑप्टिमफ्रॉग मात्र त्याला येत नाही. त्याचा सोर्स बंद, आत नेमकं काय चालतं ते लिहून दाखवणारं बाहेर कोणी नाही. म्हणजे माझ्या पावसाचं कुलूप उघडायला तो २००९ चा प्रोग्रॅमच हवा, निदान त्याचा कोणीतरी भाऊबंद तरी हवा.

दुसऱ्या रात्री मला सुचलं की याला चालवण्याआधी हा आहे कोण ते विचारावं. फाइल ही कमांड चालवली. उत्तरात एक लांब ओळ आली, ३२ बिटांचा प्रोग्रॅम, अमुक प्रोसेसरसाठी, आणि शेवटाकडे एक शब्द होता, इंटरप्रिटर, पुढे एका फाइलीचा पत्ता.

इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या.

लिनक्सवर असा प्रोग्रॅम एकटा उठून चालत नाही. त्याच्या पोटात लिहिलेलं असतं की मला सुरू करायला अमुक दुभाष्याला बोलवा, तो येईल, मला लागणाऱ्या लायब्ररी गोळा करील, त्यांची-माझी गाठ घालून देईल, मग मी बोलेन. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी त्या दुभाष्याला शोधतो. माझा २००९ चा लॅपटॉप ३२ बिटांचा होता, तो दुभाष्या तिथे घरचाच होता. आताच्या ६४ बिटांच्या मशीनवर तो नाहीच. आणि तो सापडला नाही की कर्नल जे म्हणतो तेच शेल, म्हणजे माझ्या कमांड घेणारा प्रोग्रॅम, माझ्यापर्यंत पोचवतं, अशी फाइल नाही. कोणती फाइल ते सांगत नाही. बॅश नावाच्या शेलचं नवीन व्हर्जन आता जरा नीट सांगतं, लागणारी फाइल सापडली नाही असं, पण माझ्या शेलने जुनंच वाक्य टाकलं आणि मी दोन रात्री चुकीच्या फाइलीकडे बघत बसले. जी समोर होती तिच्याकडे.

उपाय पाच मिनिटांचा. प्रोग्रॅम बसवणाऱ्या डीपीकेजीला सांगायचं की ३२ बिटांचं आय३८६ आर्किटेक्चरही चालेल, मग त्याची सी लायब्ररी आणि एकदोन सोबतीच्या घ्यायच्या. दुभाष्या त्या लायब्ररीसोबत येतो. एंटर दाबलं आणि प्रोग्रॅमने आपलं नाव सांगितलं, व्हर्जन सांगितलं, कसं वापरायचं ते सांगितलं, सोळा वर्षांनी भेटून पहिल्याच वाक्यात कामाचं बोलावं तसं. माझे डोळे भरून आले हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्याच डिस्कवर आणखी एक फोल्डर होतं, बोलून नोंदी ठेवायच्या एका खिशातल्या रेकॉर्डरचं. त्याच्या कंपनीने फाइलींचा स्वतःचाच फॉरमॅट केलेला, वाजवायला त्यांचाच विंडोजचा प्रोग्रॅम. तो वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात लावला. वाइन १९९३ पासून लिहिलं जातंय, १.० यायलाच २००८ उजाडलं, इतक्या धीराने केलेलं काम मी फार कमी बघितलंय. खिडकी उघडली, बटणांवरचं चित्र अर्धवट, वेव्हमध्ये सेव्ह करायचं बटण दाबलं की प्रोग्रॅम बंद पडायचा, पण प्ले चालत होतं. मग पल्सऑडिओच्या मॉनिटरला रेकॉर्डर जोडला, स्पीकरकडे जाणारा आवाज वाटेतच धरून ठेवायचा, आणि एकेक फाइल वाजवत गेले. यात घाई करता येत नाही. तासाची नोंद तासच घेते. त्यात माझ्याच तेविसाव्या वर्षाचा आवाज होता, मुलाखतीची तयारी करणारा, तेच उत्तर चारदा, दर वेळी एक शब्द बदलून. मला त्या मुलीला काही सांगावंसं वाटलं नाही. नुसतं तिचं होईपर्यंत बसून राहावंसं वाटलं, आणि बसले.

या सगळ्यात मनात एक धागा सारखा येत राहिला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं ते प्रकरण झालं तेव्हा मी ते वाचून हादरले होते. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करताना अर्धा सेकंद उशीर होतोय एवढंच खटकलं, त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला आणि एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा निघाला. कोणीतरी दोन-अडीच वर्षं चांगला मदतनीस बनून विश्वास कमावला होता. लासे कॉलिन हा माणूस वर्षानुवर्षं ते जवळपास एकट्याने, फावल्या वेळात सांभाळत होता, आणि थकल्याचं त्याने आधी उघडपणे लिहिलंही होतं. तेव्हा मला सुरक्षेपेक्षा जास्त तेच लागलं. माझे पाऊस, माझे पंखे, एका अनोळखी थकलेल्या माणसाच्या हातात होते आणि मी -९ देऊन एंटर दाबण्यापलीकडे त्याचा कधी विचार केला नव्हता. दुभाष्या म्हणजे शेवटी कोणीतरी माणूसच असतो. तो थकतो, सोडून जातो.

आता मी काय वापरते ते विचारणारे भेटतात, म्हणून सांगते. रोजच्या बॅकअपला झेडएसटीडी, यान कोले याचं, लेव्हल नेहमीची ३ किंवा फार तर १९. आवळायला कितीही वेळ लावा, उलगडणं वेगातच होतं, हे मला आता फार महत्त्वाचं वाटतं. कोणालाही पाठवायचं असेल तर जीझिप, १९९२ पासूनचं, ते उघडता येत नाही असं मशीन मला अजून भेटलेलं नाही. आवाज फक्त फ्लॅकमध्ये. त्याची व्याख्या २०२४ च्या डिसेंबरमध्ये आरएफसी ९६३९ या सगळ्यांना खुल्या तांत्रिक दस्तऐवजात छापून निघाली, उद्या सगळे फ्लॅकचे प्रोग्रॅम नाहीसे झाले तरी तो कागद वाचून कोणी नवा लिहू शकेल. फ्लॅकच्या फाइलीच्या डोक्यावर मूळ आवाजाची एमडी५ बेरीज, म्हणजे पडताळणीचा आकडा, लिहिलेली असते, तीही मला मनाला धीर देते. फ्लॅकच्या फाइली साध्या टारमध्ये, वरून काहीही आवळायचं नाही. आणि शेजारी पार२ च्या फाइली, दहा टक्के, म्हणजे कुठलाही दहा टक्क्यांपर्यंतचा भाग बिघडला तरी गणिताने परत भरता येतो. दोन-तीन टक्के वाचवायला रात्री घालवणारी मी आता आपणहून दहा टक्के जास्त ठेवते.

पावसाच्या फाइली ऑप्टिमफ्रॉगने एकेक करून उलगडल्या, सावकाश, टक्के मोजत. सगळ्यात शेवटी मुद्दाम ती एक ठेवली होती. पाऊस, रात्र, खिडकी, आई. हेडफोन लावून अंधारात ऐकायला बसले. पत्र्यावर टपटप, पन्हळीतून पडणारी धार, लांब एक कुत्रं, मग जोर वाढला. अकराव्या मिनिटाला बिजागरी करकरली. पावलं. मग अगदी जवळून, हळू, आई म्हणाली, झोपलीस का गं?

आणि कोणीच काही बोललं नाही.

मला सगळं आठवलं. मी जागी होते, खिडकीपाशी गुडघे पोटाशी घेऊन, डोळे लाल दिव्यावर. बोलले असते तर रेकॉर्डिंग बिघडलं असतं. मी आवाज दाखवणाऱ्या ऑडॅसिटी प्रोग्रॅममध्ये ती जागा मोठी करून बघितली, प्रश्न संपल्यापासून पुढची हालचाल सुरू होईपर्यंत साडेचार सेकंद, त्यात पाऊस आहे, नुसता पाऊस, प्रत्येक नमुना जसाच्या तसा, एक बिट इकडचा तिकडे झालेला नाही. त्या साडेचार सेकंदांत मी आहे आणि कुठेच नाही. मग आई गेली असणार, कारण पुढची एकोणतीस मिनिटं परत पाऊसच.

रविवारी आईला फोनवर ती फाइल पाठवली आणि मागोमाग फोन केला. ती आधी म्हणाली, हा माझा आवाज? इतका बारीक होता? मग म्हणाली, पाऊस छान आलाय. मी तिला सांगितलं की आई, मी तेव्हा जागी होते गं, मुद्दामच बोलले नाही. पलीकडे तिने बहुतेक ते परत लावलं होतं, मला फोनमधून तो पाऊस बारीक ऐकू येत होता.

"माहितीय की," ती म्हणाली. "तो लाल दिवा दिसला ना मला. म्हणून तर दार हळू लावलं."

फोन ठेवला आणि मी परत अकराव्या मिनिटावर गेले. जाताना बिजागरी वाजत नाही. येताना करकरते, जाताना नाही. आवाज पूर्ण वाढवला तेव्हा कुठे पावसाच्या खाली, कडी बोटाने धरून सोडल्यासारखं काहीतरी अगदी अस्पष्ट ऐकू आलं.